म्हाताऱ्या सर्व्हरला विसावा

सर्व्हर सुरू कसा करायचा हे सरांनी मला बऱ्याच उशिरा शिकवलं. आधी शिकवलं ते तो बंद कसा करायचा.

शिरूरच्या एसटी स्टँडमागे सरांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या काही पतसंस्था, डेअऱ्या आणि एक साखर कारखाना, यांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळायचो. मी डिप्लोमा करून नुकतीच लागले होते, इनामगावहून रोज एसटीनं ये-जा करायची, आणि बटण दाबलं की यंत्र बंद होतं अशी माझी भाबडी समजूत होती. कारखान्याच्या अकाउंट खात्यात मी त्या बटणाकडे हात नेला आणि सर असे खेकसले की शेजारच्या क्लार्कचा चहा सांडला. बाहेर आल्यावर म्हणाले, "दिवसभर लोकांनी जे टाइप केलं ते ह्यानं आत्ता नुसतं ध्यानात धरलंय. डिस्कवर उतरवलेलं नाही. आधी उतरवू दे, मग झोपव." चारचौघांत ओरडल्याचा मला राग आला होता, पण सांगितलेलं डोक्यात राहिलं.

तो युनिक्सचा काळ होता. एका खोलीत एक जाडजूड पेटी, आणि तिला लांबलचक वायरींनी जोडलेले बिनडोक पडदे, हिरव्या अक्षरांचे. पडद्यांना स्वतःची अक्कल नाही, सगळं डोकं पेटीत. ती बंद करायच्या आधी 'सिंक' असं टाइप करायचं, म्हणजे ध्यानातलं सगळं डिस्कवर उतरतं. मग परत टाइप करायचं. मग आणखी एकदा. एकदाच पुरतं हे सरांनाही ठाऊक होतं, पण घराला कुलूप लावल्यावर माणूस ते पुन्हा ओढून बघतो, त्यातलाच प्रकार. घाईत कुणी वीज तोडली तर पुढच्या वेळी तो उठायला अर्धा दिवस घ्यायचा, आपलं काय काय हरवलंय ते चाचपत बसायचा.

पुढे पतसंस्थांमध्ये नेटवेअर आलं. आता प्रत्येक टेबलावर अक्कल असलेला कॉम्प्युटर होता. सर्व्हरचं काम फायली सांभाळायचं आणि प्रिंटर वाटून द्यायचं. हा 'डाऊन' असं टाइप केल्यावर झोपायचा. बराच वेळ कुणी हात लावला नाही की त्याच्या पडद्यावर एक साप वळवळायला लागायचा. सर्व्हरवर काम वाढलं की साप लांब व्हायचा. मार्चअखेरीला पडदाभर वेटोळी. एका पतसंस्थेचा शिपाई नागपंचमीला त्या काचेवर हळद-कुंकू वाहायचा आणि लाह्या ठेवायचा. लाह्या कीबोर्डात जायच्या आणि त्या मी पिनेनं काढत बसायची. शिव्या द्यायची इच्छा व्हायची, पण तो इतक्या भक्तिभावानं उभा असायचा की मी गप्प राहायची.

मग विंडोजचा सर्व्हर आला, माउस आला, रंग आले. हा बंद होताना सांगायचा की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. इतकी वर्षं आम्ही यंत्राला विचारायचो, आता तेच आपण होऊन परवानगी देत होतं. लोक अर्थातच ते वाचायच्या आत बटण दाबायचे. त्यानंतर लिनक्स. तो फुकट मिळतो म्हटल्यावर राहू गावच्या एका डेअरीचे चेअरमन आप्पा मला म्हणाले, "फुकाट? मंग ह्यात कायतरी भानगड हाय." मी नाही नाही म्हणून थकले. शेवटी सरांनी बसवायचे जास्तीचे पैसे लावले, तेव्हा आप्पांचा विश्वास बसला.

हे सगळं सांगतेय कारण या सगळ्या पिढ्या आल्या आणि गेल्या, आणि एक यंत्र होतं तिथंच राहिलं.

ते भांडगावजवळच्या एका डेअरीत होतं. हायवेच्या बाजूला, गावोगावचं दूध गोळा करून थंड करणारा मोठा प्लँट. सरांनी तिथं युनिक्सचा सर्व्हर बसवला तेव्हा दुधाचा हिशोब, पगार, स्टोअर, सगळं त्याच्यावर चालायचं. पुढे हिशोब नेटवेअरवर गेला, पगार विंडोजवर, स्टोअर लिनक्सवर. दर वेळी जुन्या यंत्रावरून एक काम उचलायचं आणि नव्यावर ठेवायचं. शेवटी त्याच्याकडे एकच काम उरलं, सायरनचं. दूध थंड करायला जो अमोनिया गॅस लागतो, तो कुठं गळतोय का हे बघणारे सेन्सर कॉम्प्रेसर हॉलमध्ये लावले होते. त्यांच्या वायरी या यंत्राच्या पाठीत शिरायच्या. हवेत गॅस आला की हा सायरन वाजवायचा. तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच परदेशी गेला होता, आणि सायरन नक्की कुणाच्या खात्यात येतो यावर अकाउंटवाले आणि प्लँटवाले माझ्यासमोर भांडायचे. दर वर्षी मी नवीन यंत्र मागायची. दर वर्षी मॅनेजर विचारायचे, "चालतोय ना, मॅडम?" चालत होता. तेच तर भीतीचं होतं.

नव्या यंत्राची मला कधी भीती वाटली नाही. वर्षानुवर्षं न थांबलेल्याची वाटते. त्याच्या आतली डिस्क एका गतीनं फिरत राहिलेली असते. फिरतेय तोवर फिरते, पण एकदा थांबून गार झाली की ती परत हलेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. सर निवृत्त झाले, ऑफिस माझ्याकडे आलं, तेव्हा जाताना ते एवढंच म्हणाले होते, "म्हाताऱ्याला कधी थांबवू नकोस." डेअरीत सगळे त्याला म्हाताराच म्हणायचे.

आणि आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं थांबवतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात, गिरणीत, गॅरेजमध्ये यंत्र बंद करून धुतात, पुसतात, हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात आणि मग परत सुरू करतात. वर्षभर राबलेल्याला घटकाभर विसावा. दूध काही थांबत नाही, म्हणून डेअरीत एकेक कॉम्प्रेसर पाळीपाळीनं थांबवायचे. म्हाताऱ्याची पूजा मात्र मी स्वतः जाऊन करायची. कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची, पेटीला बोटभर कुंकू, वर एक फूल. पाणी नाही, उदबत्ती नाही, आणि बंद तर मुळीच नाही. तिथले इलेक्ट्रिशियन मामा बाजूला उभे राहून दर वर्षी हळहळायचे, "ताई, सगळ्यास्नी इसावा, आन् ह्या बिचाऱ्यालाच न्हाई व्हय?" मी म्हणायची, "मामा, हा झोपला तर उठायचा नाही." मामा मान हलवायचे. एखाद्या वृद्धाबद्दल मायेनं बोलावं तसं मी बोलतेय असं त्यांना वाटायचं, हे मला फार नंतर कळलं.

डेअरीच्या त्याच कॉम्प्रेसर हॉलमध्ये माझा नवरा ऑपरेटर होता. आमची ओळख तिथलीच. मी म्हाताऱ्याचं बघायला जायची आणि हा मुद्दाम हॉल आणि ती खोली यांच्या मधल्या दारातून चहा घेऊन यायचा. त्याच्या नाकाचा प्लँटभर डंका होता. दुसऱ्यांना गॅसचा वास यायच्या आधी त्याला यायचा, कुठल्या बाजूच्या पाइपातून येतोय तेही तो सांगायचा. दुसऱ्या पाळीचे लोक त्याला घरून बोलावून न्यायचे. लग्नानंतर मला या नाकाचं कौतुक इतक्यांदा ऐकावं लागलं की एकदा मी चिडून म्हटलं होतं, नाकाशीच लग्न लावायचं होतं तर बाकीचे कशाला आलात?

कोरोनाच्या साथीत दोघांनाही ताप आला. दोघांचाही वास गेला. माझा थोड्या दिवसांनी परत आला. त्याचाही आला, असं तो म्हणाला. भाजी पानात पडली की लगेच म्हणायचा, "वास काय सुटलाय!" इतक्या लगेच म्हणायचा की मला आधीच संशय यायला हवा होता. एका दुपारी दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस तसाच सुटत होता, आणि मी बाहेरून आले तर दारातच मला मळमळलं. हा ओट्याशेजारी स्टुलावर बसून शांतपणे लसूण सोलत होता. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि त्याच्याकडे बघितलं. तो लसणाकडेच बघत राहिला.

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हटलं.

"कुठं बोलू नगंस," तो म्हणाला. "नाक गेलं म्हंजी ऑपरेटर गेला. मला क्रेट धुवायला लावत्याल. आन् गॅस आला तर डोळ्यास्नी झोंबतंय की, तवा कळतंच."

"डोळ्यांना कळेपर्यंत वेळ जातो."

"सायरन हाय न्हवं तुझा. म्हातारा हाय. त्यो सांगतोय."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ज्या यंत्राला मी दर वर्षी बदला म्हणत होते, त्यावर आता माझ्या नवऱ्याचा श्वास टांगला होता, आणि हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तो कामावर गेला की मी ऑफिसातून म्हाताऱ्याला हाक मारून बघायची. डेअरीच्या नेटवर्कमधून एक छोटा निरोप पाठवायचा आणि तो उलट उत्तर द्यायचा, एवढंच. उत्तर आलं की चहा प्यायची. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. त्यानं हे सांगितलं तर बरं, असं मी घरी म्हटलं की भांडण व्हायचं आणि जेवण गार व्हायचं.

गेल्या खंडेनवमीला शिरूरच्या पतसंस्थेचा सर्व्हर सकाळीच रुसून बसला. ऐन सणाला पैसे काढायला आलेल्या लोकांची रांग रस्त्यापर्यंत. तिथून दुपार उलटेस्तोवर माझी सुटका होईना. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, मागे टाळ्या, नारळ फुटल्याचा आवाज.

"आगं, आज तुझ्या म्हाताऱ्याचीबी मोठी पूजा झाली. मामांनी हार घातला, धूप घातला. त्येंचं ह्ये नोकरीचं शेवटचं वरीस हाय ना. म्हनले, ह्येलाबी येकदा इसावा देऊ द्या."

"विसावा म्हणजे? बंद केला?"

"व्हय. जरा येळानं लावत्याल."

मी म्हटलं, "हॉलमध्ये जाऊ नका. मी येईपर्यंत जाऊ नका."

"खुळी का काय? डोळं हाईत की. कॉम्प्रेसर सुरू करायचाय," म्हणत त्यानं फोन ठेवला. हॉलमधल्या गोंगाटात त्याला फोन ऐकू येत नाही. पुढचे सगळे फोन वाजून वाजून थांबले.

मी स्कूटर काढली आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना उंच उभा ऊस, रस्त्यावर झेंडूचे टेम्पो, ट्रॅक्टरच्या तोंडाला हार, पोरांच्या सायकलींना हार. सगळं गाव आनंदात, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट. थांबवून परत सुरू केलेल्या कॉम्प्रेसरचं गॅस अडवणारं सील बऱ्याचदा गळतं. पुसून चकचकीत केलेला, गार पडलेला कॉम्प्रेसर. हॉलच्या दारात धुपाचा धूर. डोळे झोंबले तर धुरानंच झोंबले असं कुणीही म्हणेल. नवरा तर नक्की म्हणेल.

न्हावऱ्याला स्कूटर बाजूला घेऊन मी मॅनेजरसाहेबांना फोन लावला. ते खुशीत होते. "मॅडम, प्रसाद राखून ठेवलाय तुमचा."

"साहेब, सायरनचा सर्व्हर बंद आहे. हॉल रिकामा करा."

"अहो, सगळं ओके आहे. सकाळपासून एकही अलार्म नाही."

"अलार्म देणाराच बंद आहे!"

"असू दे की. तुमचे मिस्टर आत आहेत ना? त्यांच्या नाकापुढं तुमचा सायरन काय, मॅडम?" आणि ते हसले.

रस्त्याकडेला एक रसवंतीवाला माझ्याकडे बघत होता. मी त्या अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघत बोलले. "साहेब, त्यांना वास येत नाही. कोरोनापासून येत नाही. आत जा आणि त्यांना बाहेर काढा."

पलीकडचं हसू थांबलं. मग फोन कुठंतरी आपटल्याचा आवाज आला आणि लाइन गेली.

केडगावपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. चौफुल्याला वळले तेव्हा हायवेवरून एक अँब्युलन्स ओरडत गेली. ती डेअरीची नव्हती, पण ते मला नंतर कळलं.

फाटकातून आत गेले तर सगळी माणसं पाण्याच्या टाकीपाशी उभी. टाकीच्या कट्ट्यावर नवरा बसला होता, ओलाचिंब, डोळे लाल, खोकून खोकून वाकलेला. जिवंत. त्याला ओढून बाहेर आणलेले मॅनेजर तोंडाचा मास्क काढून धापा टाकत होते. सील खरंच गळलं होतं. मॅनेजर आत शिरले तेव्हा दारातले लोक डोळे चोळत धुपाला नावं ठेवत होते, आणि हा आत पाठमोरा उभा राहून ऑइल बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भोवतालच्या माणसांकडे बघितलं. सगळे त्याच्या नाकाकडे बघत होते. त्यानं मान खाली घातली.

म्हाताऱ्याच्या खोलीत गेले. पेटीला मोठा ताजा हार, समोर नारळाची शकलं, पेढा. मामा कोपऱ्यात रडत होते. मी हार बाजूला केला आणि बटण दाबलं. आतून एक टक असा आवाज आला. परत दाबलं, परत टक. डिस्क हललीच नाही. तो उठला नाही, आणि त्याला सिंक टाइप करायचंही राहून गेलं होतं. मामांवर रागवायला मला जमलं नाही. तेवढा राग मी नवऱ्यासाठी राखून ठेवला होता.

नवऱ्याला फाटकावर टँकरच्या नोंदीला बसवलं. क्रेट धुण्यापेक्षा बरं, असं मॅनेजर म्हणाले. घरी तो नीट बोलेना. तू सांगायला नको होतंस असंही म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. जेवायला बसायचा, पानात वाढलेलं खायचा आणि भाजीबद्दल एक शब्द काढायचा नाही. ते मला जास्त लागायचं.

नवा सर्व्हर आला म्हणजे काय, तर काहीच आलं नाही. सेन्सरपाशी एक वीतभर डबी, हॉलच्या दाराशी भिंतीवर एक पडदा, आणि सर्व्हर क्लाउडवर. तो कुठं असतो म्हणून विचारलं तर बसवायला आलेला माणूस म्हणाला, मुंबईत असेल, नाहीतर हैदराबादला. त्याला वाटेल तेव्हा तो स्वतःला नवीन करून घेतो, बंद होतो, सुरू होतो, आणि झाल्यावर मला कळवतो. बंद कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नाही, कारण तो माझ्या हातात नाहीच. मध्ये हायवेच्या कामात केबल तुटली. तेव्हा पडद्यावरचा सगळं ठीक असल्याचा शेवटचा हिरवा दिवा तसाच लागून राहिला. हॉलमध्ये काहीही झालं असतं तरी तो हिरवाच दिसला असता. मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, बघतो.

नवऱ्याच्या जागी सोलापूरकडच्या एका चिलिंग सेंटरमधून बदलून आलेले ऑपरेटर आहेत. चाळिशीचे, कमी बोलणारे, कामाला चोख, दुपारचा डबा फाटकावर नवऱ्याशेजारी बसून खाणारे.

यंदाच्या खंडेनवमीला मी वेळेवर गेले. कॉम्प्रेसरना खरे हार होते. भिंतीवरच्या पडद्याला मात्र ऑफिसनं दौंडच्या बाजारातून प्लास्टिकचा झेंडू आणला होता, पाणी गळत नाही आणि पुढच्या वर्षी चालतो म्हणून. पूजेआधी नवरा फाटकावरून आत आला. वर्षभरात तो हॉलकडे फिरकला नव्हता. त्यानं तो प्लास्टिकचा हार उचलला, हातात तोलला आणि पडद्याला अडकवला. मग हॉलच्या दारात उभ्या असलेल्या ऑपरेटरकडे न बघताच म्हणाला, "ह्या झेंडूचा घमघमाट काय सुटलाय, न्हाई?"

"व्हय तर," ते लगेच म्हणाले. "दसऱ्याचा वास."

त्या लगेचला मी ओळखत होते. माझ्या स्वयंपाकघरात ते मी खूप ऐकलं होतं. त्यांच्या डोक्यावर तो हिरवा दिवा लागलेला होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात नवऱ्यानं माझ्यापुढे हात केला. "तू थांब," म्हणाला.

त्यानं हार काढला आणि नेऊन त्या माणसाच्या हातात दिला. त्यांनी एका फुलावर अंगठा दाबला. फूल कडकन वाजलं. त्यांनी मागे हॉलकडे बघितलं, मग मॅनेजरांच्या केबिनकडे.

"कवापासनं?" नवऱ्यानं विचारलं.

त्यांनी हार परत नवऱ्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "त्या तापापासनं."

नवऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळा प्लँट ऐकत होता.

"मलाबी येत न्हाई," तो म्हणाला. "चला, सायबाकडं दोघं मिळून जाऊ."